गौतमपुऱ्याचा आगीचा कलगीतुरा

वर्तमानपत्रात दोन पुढाऱ्यांची जुंपली की मथळा ठरलेलाच असतो : अमक्या-तमक्यांत कलगीतुरा रंगला! हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यातली कलगी कुठली आणि तुरा कुठला, हा प्रश्न आपल्या मनात येतच नाही. दोन्ही खरे तर पागोट्यावर मिरवायचे दागिने. पुढे शाहिरांच्या दोन पक्षांनी ती नावे घेतली. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. डफावर थाप पडायची, एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते सोडवून उलट सवाल टाकायचा. रात्र सरून तांबडे फुटले तरी हार कुणी मानायची नाही. आपल्या शेजारच्या कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात आणि लोक ते चवीने ऐकतात.

पण याच नावांचे दोन पक्ष शब्दांऐवजी पेटते गोळे एकमेकांवर फेकतात, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल काय? मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तालुक्यात, इंदूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गौतमपुरा नावाचे छोटे गाव आहे. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजी गावची ‘कलंगी’ असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. हिंगोट नावाच्या रानफळात दारू भरून केलेले अग्निबाण तास-दीड तास एकमेकांवर सोडतात. याला म्हणतात हिंगोट युद्ध. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. कुणी भाजून निघतो एवढे मात्र खरे!

या गावाविषयी मला कुतूहल वाटले ते आधी युद्धामुळे नव्हे, नावामुळे. गौतमपुरा म्हटल्यावर आपल्याला गौतम बुद्ध आठवतील, गौतम ऋषी आठवतील. प्रत्यक्षात हे नाव एका मराठी बाईचे आहे. सुभेदार मल्हारराव होळकरांची पत्नी गौतमाबाई, तिने वसवलेले हे गाव. मल्हाररावांचे बालपण खानदेशातल्या तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्या घरी गेले. गौतमाबाई ही त्याच मामाची मुलगी. मेंढरे राखणारा भाचा पुढे अर्ध्या हिंदुस्थानात दरारा असलेला सरदार होईल, हे त्या वेळी कुणाला ठाऊक असणार?

इतिहासाच्या पुस्तकांत मल्हारराव येतात, अहिल्याबाई येतात. या दोघांच्या मध्ये उभी असलेली गौतमाबाई मात्र पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. मी सरकारी कचेरीत हिशेबाच्या फायली हाताळणारा माणूस. मला तिची एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ‘खासगी’. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईच्या नावे वेगळी जहागीर लावून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये. मल्हाररावांच्या ताब्यातला मुलूख ती ‘दौलत’ आणि गौतमाबाईच्या हातातली ही ‘खासगी’. आमच्या भाषेत सांगायचे तर दोन स्वतंत्र लेखाशीर्षे! फौजेचा खर्च दौलतीतून, आणि खासगीच्या पैशावर हक्क घरातल्या मुख्य स्त्रीचा. गौतमाबाई १७६१ साली वारली आणि ही खासगी तिच्या सुनेकडे आली. ती सून म्हणजे अहिल्याबाई. काशीविश्वनाथाचे देऊळ, सोमनाथाचे देऊळ, गयेचे विष्णुपद, देशभरातले घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांमागे जो पैसा उभा राहिला तो प्रामुख्याने या खासगीतला. राज्याच्या तिजोरीला धक्का न लावता एवढा धर्मादाय करता आला, कारण तीस-चाळीस वर्षे आधी सासूने स्वतंत्र हिशेबाची घडी बसवून ठेवली होती. त्या सासूचे नाव आज लोकांच्या तोंडी आहे ते या एका गावामुळे, आणि त्या गावाचे नाव देशाला माहीत आहे ते आगीच्या गोळ्यांमुळे. इतिहासाच्या गमती अशा असतात.

“माळव्याचे आपल्याला काय?” असे कुणी गोंयकार म्हणेल. त्याला एकच सांगतो. शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे आपल्या पेडण्याच्या केरी गावचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेची धुरा त्यांनी सांभाळली. लखबादादा लाड हेही सारस्वत, शिंद्यांच्या पदरी नाव काढलेले. पोर्तुगीज अमलाच्या काळात आपल्याकडची कितीतरी कर्तबगार माणसे नशीब काढायला घाटावर गेली आणि तिथून उज्जैन-ग्वाल्हेरपर्यंत पोचली. त्यामुळे माळवा हा आपल्याला परका मुलूख नाही.

चार-पाच वर्षांत एकदा मिळणारी एलटीसी घेऊन आम्ही सहकुटुंब उज्जैन-ओंकारेश्वर केले, तेव्हा इंदुरात एक दिवस मोकळा मिळाला. पोहे-जिलबी खाऊन बायको-मुले राजवाड्याकडे बाजाराला गेली आणि मी गाडी करून गौतमपुऱ्याला गेलो. महिना डिसेंबरचा. दिवाळी होऊन गेलेली. चालकाला नवल वाटले, आता तिथे बघायला काय आहे? खरेच, काही नव्हते. दोन्ही बाजूंना माळव्याची काळीभोर जमीन, तिच्यात गहू-हरभऱ्याचे हिरवे ताटवे, आणि गावात भगवान देवनारायणाच्या देवळाजवळ एक रिकामे मैदान. गुरे चरत होती. चार पोरे क्रिकेट खेळत होती. हेच ते रणांगण!

चहाच्या टपरीवर एक म्हातारबा भेटले. युद्धाचा विषय काढताच त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि दंडावरचा भाजल्याचा जुना व्रण दाखवला. कुणी पदक दाखवावे तसा! त्यांच्याकडून, चालकाकडून आणि नंतर पाहिलेल्या चित्रफितींतून मला जे समजले ते असे.

तयारी दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होते. चंबळेच्या काठच्या झुडपी रानातून हिंगोटाची फळे आणायची. लिंबाएवढे, जरा लांबट फळ. वरची साल आणि चिकट गर काढला की आत करवंटीसारखे टणक कवच लागते. त्याला भोक पाडून आतला गर कोरून काढायचा, कवच उन्हात खडखडीत वाळवायचे. मग त्यात सोरा, गंधक आणि कोळशाची दारू ठासायची. मोठे भोक पिवळ्या मातीने लिंपून टाकायचे आणि वात लावायला एक बारीक छिद्र ठेवायचे. शेवटी बांबूची सडपातळ काडी बांधायची, म्हणजे बाण भरकटत नाही, नेमका जातो. बाजारात तयार मिळणारी ही वस्तू नव्हे. घरोघरी बसून करायचे हे काम आहे, आणि बापाने ते पोराला शिकवायचे आहे.

पाडव्याला दुपारपासून माणसे जमतात. योद्ध्यांच्या डोक्याला साफा, एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी, दुसऱ्या हातात धुमसते लाकूड. दोन्ही पक्ष आधी देवनारायणाचे दर्शन घेतात आणि मग आपापल्या बाजूला जाऊन उभे राहतात. सूर्य मावळला आणि इशारा झाला की पहिला बाण सुटतो. त्यानंतर अंधारात दिसतात त्या फक्त आगीच्या रेघा. बाण येताना दिसला तर ढालीवर घ्यायचा, नाहीतर अंग चोरायचे. दारू संपली, झोळ्या रिकाम्या झाल्या की युद्ध संपले. मग भेटीगाठी. सुईण आणि हजामापासून सोयरिकीपर्यंत या दोन गावांचे सगळे व्यवहार एकमेकांत गुंतलेले, तेव्हा वैर धरून चालणार कसे?

आता त्या फळाविषयी, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म तिथे आहे.

माळव्यातले हिंगोट किंवा हिंगोरिया म्हणजे मराठीतले हिंगण, हिंगणबेट. घाटावरच्या कोरड्या मुलखात, विदर्भ-खानदेशात हे झाड सर्रास असते. हिंगणघाट, हिंगणे, हिंगणगाव ही गावांची नावे ऐकली की त्यांच्या शिवारात हे झाड कधीकाळी दाटून असले पाहिजे, असे वाटते. आपल्या पावसाळी गोव्यात ते सहसा दिसत नाही. गौतमपुऱ्याच्या वाटेवर मला ते दाखवण्यात आले. दिसायला काही राजबिंडे नव्हे. माणसाच्या दीड-दोन पुरुष उंचीचे, राखट हिरवे, जोडीजोडीने येणारी पाने आणि बोटाएवढे सरळ तीक्ष्ण काटे. सरपणाला तोडावे आणि कुंपणाला टाकावे, यापलीकडे आजच्या माणसाला त्याचा उपयोग सुचत नाही.

पण याच झाडाचे संस्कृत नाव ‘इंगुदी’ आहे, हे सांगितले की चित्र बदलते. वनवासाला निघालेल्या रामाने शृंगवेरपुरी, गंगाकाठी रात्र काढली ती इंगुदीच्या झाडाखाली. पुढे चित्रकूटला दशरथाच्या निधनाची वार्ता कळली तेव्हा रामाने बापाला पिंड दिला तो इंगुदीच्या पेंडीचा, बोरे मिसळून. राजाचा मुलगा, पण हाताशी होते ते हेच. अमरकोशात इंगुदीला ‘तापसतरू’ म्हटले आहे, म्हणजे तपस्व्यांचे झाड. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत आश्रमाजवळ आला हे त्याला कशावरून कळते? इंगुदीची फळे ठेचून ठेचून तेलकट झालेल्या दगडांवरून. आणि चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते तेव्हा तिचा पदर ओढणारा हरिणाचा पाडस आठवतो ना? दर्भाच्या टोकाने त्याचे तोंड चिरले असता तिने त्या जखमेला लावले होते ते इंगुदीचेच तेल.

कालिदासाचे नाव ज्या उज्जयिनीशी जोडले जाते ती इथून जवळच आहे. तिथल्या कवीने ज्या फळाला जखम भरून काढणारे म्हटले, त्याच फळाचे कवच आज त्याच माळव्यात जखमा करते आहे! फळ तेच, माती तीच. त्यात तेल शोधायचे की दारू भरायची, हे माणसाने ठरवायचे.

झाडाचे बाकीचे गुणही थोडे नाहीत. याच्या गराला साबणासारखा फेस येतो, म्हणून खेड्यांत कपडे धुवायला तो वापरत. आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या कडेने हेच झाड माणसांना आणि उंट-शेळ्यांना जगवते. तिथे याला वाळवंटातला खजूर समजतात. दुष्काळात टिकणारे, धूप थांबवणारे, गुरांना पाला देणारे झाड. चंबळ जिथे महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावते, तिथून खाली मैदानात येते तो सगळा पट्टा अशाच काटेरी रानाचा होता. कालिदासाने मेघाला जिच्यावरून नेले ती चर्मण्वती म्हणजे हीच चंबळ.

हे युद्ध सुरू झाले कसे, असे विचारले की गावात एक कथा सांगतात. मोगलांचे घोडदळ चालून येत असे, तेव्हा गावच्या मर्दांनी हिंगोटात दारू भरून घोड्यांवर फेकले, घोडे उधळले, शत्रू पळाला. तेव्हापासून हा सराव चालत आला. कथा ऐकायला छान आहे, आणि त्यातला काही भाग पटण्याजोगाही आहे. अठराव्या शतकातल्या फौजांमध्ये दारूचे ‘बाण’ होतेच. उंटांवर लादून ते नेत आणि शत्रूचे हत्ती-घोडे बुजवायला सोडत. हिंगोट हा त्याचाच गावठी, घरगुती अवतार म्हणता येईल.

पण सनावळी लावून पाहिली की अडचण येते. १७२८ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याला मारले. १७४१ साली बादशहाने माळव्याचा कारभार पेशव्यांच्या हाती रीतसर सोपवला. गौतमाबाईची जहागीर १७३४ ची. म्हणजे ‘गौतमपुरा’ या नावाने गाव उभे राहिले तोवर मोगल या प्रांतातून जवळजवळ निघून गेले होते. आणि दुसरा प्रश्न त्याहून साधा आहे. मोगलांविरुद्ध दोन्ही गावे एकाच बाजूने लढली, तर आज ती एकमेकांविरुद्ध का उभी राहतात?

माळव्याने खरी होरपळ पाहिली ती मोगल गेल्यानंतर, आणि ती आपल्याच माणसांच्या हातून. १७९३ साली लाखेरीला शिंदे आणि होळकर एकमेकांवर तुटून पडले. मराठी दौलतीची दोन घराणी, दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसे. वर सांगितलेले आपले जिवबादादा आणि लखबादादा त्यात शिंद्यांकडून होते. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी शिंद्यांची उज्जैन जिंकली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्याने होळकरांच्या इंदूरची राखरांगोळी केली. या दोन शहरांपासून दिवसाभराच्या घोडदौडीवर गौतमपुरा. तिथल्या शेतकऱ्याने दोन्हीकडच्या फौजांना दाणागोटा पुरवला असेल, दोन्हीकडचा जाच सोसला असेल. मग १८१७ साली महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला आणि मराठ्यांची आपापसातली भांडणे कायमची मिटली. मिटवणारा मात्र तिसराच होता.

शेजाऱ्याशी खरे युद्ध झाले तर काय होते, हे ज्या मुलखाने पाहिले, त्याने युद्धाचा खेळ करून टाकला, असे मला वाटते. मोगलांची कथा नंतर चिकटली असावी. खरा धागा नावातच आहे, तुर्रा आणि कलंगी. माळव्यात सांगतात की तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाहअली नावाचे फकीर हे दोघे कवी मित्र होते. चंदेरीच्या राजाने त्यांच्या सवाल-जबाबावर खूश होऊन एकाला आपल्या पागोट्याचा तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. त्या दोघांचे दोन आखाडे झाले. माळव्याच्या ‘माच’ या लोकनाट्यावर आणि राजस्थानच्या खयाल नाट्यावर त्यांची छाप आहे, आणि आपल्या शाहिरीतही हीच जोडी. एक गोसावी, एक फकीर! भांडायचे ते काव्यात, आणि दुसरा नसेल तर पहिल्याला बोलायला जागाच नाही. गौतमपुऱ्याने हीच रीत आगीला लावली. एका बाजूने बाण हा सवाल, दुसऱ्या बाजूने बाण हा जबाब. म्हणून तर शेवटी जिंकले कोण, हे कुणी विचारत नाही.

दिवसही बघा कुठला निवडला आहे. पाडवा. या दिवशी माळव्यात लहानांनी थोरांना वाकून नमस्कार करायचा, ‘धोक’ द्यायची. म्हणून तिकडे याला धोक पडवा म्हणतात. गुरांना सजवून पुजायचे तेही याच दिवशी. आणि देवनारायण हा गुर्जर गुराख्यांचा देव. आपल्याकडे याच दिवशी गोरवांचो पाडवो असतो. गुरांना न्हाऊमाखू घालून, गळ्यात माळा घालून सोडतात. त्याच्या आदल्या दिवसांत, नरकचतुर्दशीला, आपणही एका रानफळाची पूजा बांधतोच की! तुळशीसमोर डाव्या अंगठ्याने कारीट चिरडायचे, त्याची कडू बी जिभेला लावायची आणि गोविंदा म्हणायचे, मग फोव. आपण कडू फळ पायाखाली फोडून नरकासुर मारतो, ते टणक फळात दारू भरून आभाळात सोडतात. दोन्हीकडे दिवाळी पूर्ण होण्यासाठी रानात जावे लागते. ही गोष्ट दुकानातल्या फटाक्यांनी कधी साधणार नाही.

इथवर सगळे गोड झाले. आता कडू बी चाखायला हवी.

हिंगोट युद्धात दरवर्षी कितीतरी माणसे भाजतात. काहींचे डोळे, काहींचे हातपाय. २०१७ साली एका तरुणाचा जीव गेला, आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात युद्ध बंद करावे म्हणून जनहित याचिका दाखल झाली. २०२० साली कोरोनामुळे मैदान रिकामे राहिले. आज युद्धाच्या दिवशी पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब असा बंदोबस्त असतो, प्रेक्षकांसाठी जाळ्या उभारतात. तरीही प्रश्न उरतोच. परंपरा म्हणून माणसे जखमी होऊ द्यायची का?

गोव्यात हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९९६ साली उच्च न्यायालयाने धिरयो बंद केल्या, तेव्हा किती हळहळ झाली ते आठवत असेल. तमिळनाडूचा जल्लिकट्टू २०१४ साली बंद झाला, २०१७ साली कायदा बदलून परत आला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. पण धिरयो आणि हिंगोट यांत एक मोठा फरक आहे. रेड्याला कुणी विचारत नाही, तुला झुंजायचे आहे का? हिंगोटवाला आपल्या पायांनी चालत येतो. म्हणून मी बंदी हा एका ओळीत लिहून टाकण्याचा शेरा मानत नाही. पण ‘आपली परंपरा आहे’ हाही एका ओळीत लिहून फाईल बंद करण्याचा शेरा होऊ शकत नाही. ज्या घरातला मुलगा २०१७ च्या पाडव्याला गेला, त्या घरात पुढच्या वर्षी पाडवा कसा झाला असेल?

आगीशी खेळणाऱ्या परंपरा आपल्याकडेही आहेत. मळकर्ण्याला होळीच्या वेळी शेणी उजो होतो, पेटत्या शेणींच्या ठिणग्यांखालून माणसे धावतात. शिरगावात लईराईचे धोंड दिवसच्या दिवस व्रत पाळून निखाऱ्यांवरून चालतात. २०२५ साली ३ मेच्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. ते निखाऱ्यांमुळे गेले नाहीत, गर्दीमुळे गेले. आगीशी कसे वागायचे हे परंपरेला ठाऊक होते. उपवास, सोवळे, वडीलधाऱ्यांची शिस्त, सगळे नियम पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेले. पण अरुंद वाटेवर अचानक लोटणाऱ्या जनसागराचे काय करायचे, हे परंपरेत कुठे लिहिलेले नाही. ते आज, आपल्याला, नव्याने लिहावे लागणार आहे.

गौतमपुऱ्याचेही तसेच आहे. दोन गावांचा खेळ होता तोवर समोरचा माणूस ओळखीचा होता. तो कुणाचा पोर, कुणाचा जावई, हे माहीत असल्यावर बाण आपोआप पायांच्या रोखाने जातो. आता हजारो लोक बघायला येतात, मोबाईल उंच धरून. बघणाऱ्यांची संख्या वाढली की खेळणाऱ्याला चेव येतो, आणि जादा दारू ठासली जाते. म्हातारबा मला हेच सांगत होते. त्यांच्या मते पूर्वी ढाल नसलेल्यावर बाण टाकत नसत, दारू पिऊन मैदानात उतरणाऱ्याला घरचेच हाताला धरून परत नेत. हे नियम कुठल्या कायद्यात नव्हते, पण होते. परंपरा टिकवायची म्हणजे बाण टिकवायचे नव्हेत, हे न लिहिलेले नियम टिकवायचे. डोळ्यांना चष्मा, डोक्याला शिरस्त्राण, दारूचे ठरलेले माप, वयाची अट, यांनी युद्धाची मर्दुमकी काही कमी होणार नाही. लढवय्याच्या अंगावर चिलखत असायचेच की!

आणि शेवटची गोष्ट झाडाची. म्हातारबा म्हणाले, आता हिंगोट मिळवायला पूर्वीपेक्षा लांब जावे लागते. शेते वाढली, बांध अरुंद झाले, काटेरी झाड कुणाला नको. न्यायालयाने बंदी घातली नाही आणि पोलिसांनी अडवले नाही, तरी एके वर्षी रानात फळच उरणार नाही आणि युद्ध आपोआप संपेल. किंवा त्याहून वाईट होईल. फळाऐवजी कारखान्यातले फटाके मैदानात येतील, आणि नाव तेवढे हिंगोट युद्ध राहील. आपल्याकडे बाजारात टोपलीत विकायला येणारी कारटी बघून माझ्या मनात हाच विचार येतो. माझ्या लहानपणी ती कुंपणावर होती. आज दहा-वीस रुपये मोजून आणावी लागतात.

राज्याचा वारसा म्हणताना आपण किल्ले, देवळे, राजवाडे मोजतो. मध्य प्रदेशात त्यांना तोटा नाही. पण गौतमपुऱ्यात इतिहास एका बाईच्या नावात राहिला आहे, संस्कृती दोन पक्षांच्या नावांत आणि निसर्ग एका काटेरी झाडात. तिन्ही एका फळाच्या कवचात मावतात. त्या गावाने पाडव्याच्या आधी महिनाभर फळे वेचावीत, हे योग्यच. पण पावसाळा लागताना तुर्रा आणि कलंगी यांनी चंबळेच्या काठी हिंगोटाची रोपे लावायचीही चढाओढ करावी. सवाल टाकायचाच तर असा टाकावा, आणि जबाब दहा वर्षांनी झाडावर लागावा. आपणही परसात, कुंपणाला एक कारटीचा वेल चढू द्यावा. त्याला ना खत लागते, ना पाणी. फक्त उपटून टाकायचा नाही, एवढेच करायचे आहे.